वैशाखातली शर्यत आणि सोलापूरचं ऊन

मे महिन्यात माळरानावर होणाऱ्या माउंटन बाइक शर्यतींबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न (जुळे सोलापूर): मेच्या दुसऱ्या आठवड्यात ४५ किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलंय. सुरुवात सकाळी साडेसातला आहे, मला तीन तास तरी लागतील. रोजचा सराव पहाटे साडेपाच ते सात. एवढ्यावर भागेल का?

उत्तर: पायांचं भागेल, उन्हाचं नाही. साडेदहाला तुम्ही शेवटच्या चढावर असाल आणि तोवर हवा कातडीपेक्षा जास्त तापलेली असेल. कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याच्या वर गेली की वारा अंग गार करत नाही, तापवतो. उष्णता बाहेर टाकायला मग एकच वाट उरते, घाम वाळण्याची. शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिच्यातली जेमतेम २० ते २५ टक्के पॅडलपर्यंत पोचते, बाकीची अंगात उष्णता म्हणून राहते. २०० वॉटचा जोर लावणाऱ्याला ती उडवायला ताशी सुमारे एक लिटर घाम वाळवावा लागतो, उन्हाची भर वेगळीच.

शरीराला याची सवय लागायला १० ते १४ दिवस लागतात. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला पातळ भाग वाढतो आणि त्याच वेगाला नाडीचे ठोके कमी होतात. पुढच्या आठवड्यात घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. म्हणून शर्यतीच्या तीन आठवडे आधी आठवड्यातून पाच दिवस संध्याकाळी पाचच्या सुमारास निघा. पहिले तीन दिवस फक्त ३० ते ४० मिनिटं, नंतर रोज दहा-दहा मिनिटं वाढवत दीड तासापर्यंत. जोर एवढाच, की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. इथे मेहनत उन्हाची करायची आहे, पायांची नाही; जोराचा सराव पहाटेच ठेवा. दुपारी बारा ते चारमध्ये कुणी बाहेर काढत असेल तर त्याचं ऐकू नका, पाचला लागतं तेवढं ऊन पुरे. सवय लागली तरी टिकत नाही, दोन-तीन आठवडे खंड पडला की बहुतेक जाते. शेवटच्या आठवड्यात दिवसाआड अर्धा तास उन्हात काढला तरी चालेल.

प्रश्न (पंढरपूर): शर्यतीत तासाला दोन लिटर पाणी पिऊनही मळमळलं, डोकं दुखलं आणि पायात गोळे आले. आणखी प्यायला हवं होतं का?

उत्तर: आणखी नाही, कमी. जठर तासाला साधारण एक लिटरच्या आसपासच पुढे सरकवतं, बाकीचं पोटात हिंदकळत राहतं. शिवाय नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकेदुखी, मळमळ, बोटं सुजून घड्याळाचा पट्टा घट्ट होणं ही त्याची लक्षणं, आणि पुढची पायरी थेट दवाखान्याची. शर्यतीनंतर वजन आधीपेक्षा जास्त भरलं तर पाणी नक्की जास्त झालं.

किती प्यायचं हे दुसऱ्याला विचारून कळत नाही, वजनकाट्यावर कळतं. शर्यतीच्या वेळेला, शर्यतीच्या जोरात एक तास सायकल चालवा. आधी आणि नंतर कपडे काढून, अंग पुसून वजन घ्या, मधे लघवीला जाऊ नका. समजा आधी ७०.४ किलो, नंतर ६९.३ आणि वाटेत अर्धा लिटर प्यालात. घट १.१ आणि प्यालेलं ०.५, म्हणजे घाम ताशी १.६ लिटर. सगळा भरून काढायचा हट्ट नको. ताशी ८०० मिलिलिटर ते एक लिटर, तेही दर दहा मिनिटांना तीन-चार घोटांत. शर्यतीच्या शेवटी वजनात दोन-तीन टक्के घट चालते, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला दीड ते दोन किलो.

सोलापूरच्या कोरड्या हवेत एक फसगत ठरलेली. घाम येताच वाळतो, अंग ओलं दिसत नाही आणि ‘आज घामच नाही’ असं वाटतं. जर्सीवर मिठाचे पांढरे ओघळ दिसले की समजावं.

मिठाचं गणित सोपं आहे. एक लिटर पाण्यात सपाट अर्धा चमचा मीठ (सुमारे ३ ग्रॅम), सपाट दहा चहाचे चमचे साखर (४० ग्रॅम) आणि एका लिंबाचा रस. औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी घेतलीत तर ती डब्ल्यूएचओच्या सूत्राची आहे का ते पाहा, त्यात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. मीठ त्यात भरपूर, पण तीन तासांच्या शर्यतीला साखर अपुरी. आणखी सहा-सात चमचे घाला. खोक्यातली गोड पेयं हा पुडीला पर्याय नव्हे, त्यांत साखर जास्त आणि मीठ कमी. गोळे मात्र दर वेळी मिठापायी येत नाहीत. सवयीपेक्षा जोरात सुरुवात केली की थकलेला स्नायूही तसाच आखडतो. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

प्रश्न (होटगी रोड): अर्ध्या तासात बाटलीतलं पाणी चहाइतकं तापतं. पाठीवरची पाण्याची पिशवी घ्यावी का? आणि डोक्यावर पाणी ओतल्यानं खरंच फरक पडतो का?

उत्तर: पडतो, आणि कोरड्या हवेत चांगलाच पडतो. घाम जे काम करतो तेच ओतलेलं पाणी करतं. दोन बाटल्या ठेवा. एकीत मीठ-साखरेचं पाणी, दुसरीत साधं, डोक्यावर, मानेवर आणि हातांवर ओतायला. रात्री बाटली दोन तृतीयांश भरून फ्रीझरमध्ये ठेवा, निघताना वरून गार पाणी घाला. तिच्यावर जुना सुती मोजा चढवून भिजवला तर तोही माठासारखा गारवा देतो, वाळला की दोन थेंब टाकायचे. पाठीवरच्या पिशवीत पाणी जास्त वेळ गार राहतं, पण ती पाठीचा मोठा भाग झाकते आणि तिथला घाम वाळू देत नाही. दर १२-१५ किलोमीटरला पाण्याची सोय असेल तर बाटल्या बऱ्या. नसेल तर दोन लिटरची पिशवी, कारण पाणी संपण्यापेक्षा ओली पाठ परवडते.

सुरुवातीच्या अर्धा तास आधी बर्फाचा चुरा घातलेलं सरबत हळूहळू प्या, वजनाच्या दर किलोला साडेसात ग्रॅम, म्हणजे सत्तर किलोला साधारण अर्धा किलो. आतून गार होऊन निघालं की अंग तापायला वेळ लागतो. सरावात एकदा करून पाहा, काहींना पोटात कळ येते. मानेला बर्फ बांधायचा तर जुन्या पातळ मोज्यात चुरा भरून गाठ मारा. सोलापुरी टॉवेल नको, भिजला की जड होऊन मानेवर ओढ देतो.

याच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट वाऱ्याची. सपाटीवर ताशी २५ च्या वेगात वारा आपोआप लागतो. चढावर वेग दहावर येतो, आणि वारा पाठीमागून तितक्याच वेगाने येत असेल तर तुमच्याभोवती हवा हलतच नाही. माणसं पडतात ती अशा चढांवर. तिथे एक गिअर हलका टाका, चढाच्या पायथ्यालाच डोक्यावर पाणी ओता. घड्याळात नाडी नेहमीपेक्षा दहा-पंधरा ठोके वर दिसेल. ती खाली आणायला वेग सोडावा लागतो, पहिल्या वीस मिनिटांत तर हमखास.

प्रश्न (बार्शी): उन्हात टायर फुटतात म्हणून हवा कमी ठेवावी, असं ग्रुपवर सांगतात. शिवाय आमच्या वाटेवर बाभळीचे काटे आणि सराटे आहेत.

उत्तर: हवा तापून टायर फुटतो हा बराचसा गैरसमज. सकाळी २५ अंशाला २२ पीएसआय भरलेला टायर ५५ अंशांपर्यंत तापला तर दाब २५-२६ पीएसआय होतो, टायरच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. हवा उगाच कमी केलीत तर दगडावर रिम आपटेल आणि ट्यूबला सापाच्या चाव्यासारखी दोन भोकं पडतील. उन्हात बिघडतं ते वेगळंच. चिकटवायचे तयार पॅच उन्हात सुटतात, घासून सोल्युशन लावलेला पॅच टिकतो. ट्यूबलेस (ट्यूब नसलेल्या) टायरमधलं, भोक आपोआप बुजवणारं लॅटेक्सचं सीलंट उन्हाळ्यात महिना-दीड महिन्यात वाळून रबराच्या गोळ्या होतात. शर्यतीच्या आठवडाभर आधी व्हॉल्व्हची सुई काढून पाहा, आत काही हललं नाही तर २९ इंची टायरला ९० ते १०० मिलिलिटर नवं घाला.

सराट्यानं केलेलं छोटं भोक सीलंट भरतं, तो काटा घाईनं उपटू नका. बाभळीचा काटा लांब असतो, कधी टायर पार करून रिमच्या टेपपर्यंत जातो. तो काढून प्लग (भोकात कोंबायची रबरी पट्टी) लावा, भोक खाली फिरवून सीलंट तिथे येऊ द्या, मग हवा भरा. ट्यूब बदलत असाल तर आधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे अडकेल तिथे काटा. बोट फिरवाल तर रक्त निघेल.

प्रश्न (अक्कलकोट): मुलगा सोळा वर्षांचा आहे, शर्यतीला जायचं म्हणतोय. ऊन लागलं तर ओळखायचं कसं?

उत्तर: घाम थांबला की उष्माघात, हा जुना ठोकताळा शर्यतीत चालत नाही. घामानं निथळणाऱ्यालाही उष्माघात होतो. वागण्यावर लक्ष ठेवा. सायकल सरळ न जाणं, विनाकारण चिडणं, साध्या प्रश्नाला भलतं उत्तर, उन्हात अंगावर काटा येणं. असं काही दिसलं की शर्यत तिथेच थांबवायची, ‘बरा आहे मी’ या त्याच्या शब्दावर न जाता. भान हरपलेलं असेल तर उष्माघातच समजा. १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट पाहत बसू नका. सावलीत ताडपत्रीवर झोपवा, चौघांनी कडा उचलून धरा, आत बर्फ आणि पाणी ओता आणि पाणी हलवत ठेवा. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड होणं महत्त्वाचं. आधी थंड करायचं, मग हलवायचं. गुंगीत असलेल्याला तोंडानं पाणी देऊ नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. काखेतला किंवा कपाळावरचा थर्मामीटर कमी आकडा दाखवतो, त्यावर विसंबू नका. आदल्या आठवड्यात ताप किंवा जुलाब झाले असतील तर त्याला पाठवू नका.

प्रश्न (विजापूर रोड): शर्यतीच्या सकाळी कडक भाकरी आणि शेंगाचटणी चालेल का?

उत्तर: आदल्या रात्री खुशाल. सकाळी नको, कारण ज्वारीचा कोंडा आणि चटणीतलं तेल पोटात रेंगाळतं आणि उन्हात रक्त कातडीकडे धावत असल्यानं पचनाला कमी पडतं. तीन तास आधी पोहे किंवा चार इडल्या, निघताना एक केळं. चटणी सोबत न्यायचीच असेल तर शर्यत संपल्यावर दहीभाताशी खा.