चित्रपट-मालिकांमधले वॉकीटॉकीवरचे संभाषण प्रत्यक्षाशी कितपत जुळते?

फारसे जुळत नाही, आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे पडद्यावरची पात्रे वॉकीटॉकीवर टेलिफोनसारखी, एकमेकांचे वाक्य मध्येच तोडत बोलतात. साध्या वॉकीटॉकीवर एका वेळी एकतर बोलता येते किंवा ऐकता येते. बटण दाबलेले असेपर्यंत समोरचा कितीही ओरडला तरी बोलणाऱ्याला ते कळत नाही. दोघांनी एकाच वेळी बटण दाबले, तर एफएम संचांवर ऐकणाऱ्याला बहुधा अधिक प्रबळ संदेशच मिळतो, आणि विमानांच्या एएम रेडिओवर दोन लहरी एकमेकींत मिसळून कर्कश शिट्टी उमटते. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावरील विमानतळावर नियंत्रण कक्ष आणि पॅन अ‍ॅम या विमान कंपनीचे वैमानिक एकाच क्षणी बोलल्यामुळे केएलएम या दुसऱ्या कंपनीच्या विमानात अशीच शिट्टी ऐकू आली आणि महत्त्वाचे शब्द नीट पोहोचले नाहीत. त्यानंतर या दोन विमानांची धावपट्टीवर टक्कर झाली; त्या टकरीला इतरही कारणे होती, पण तीत ५८३ जणांचा मृत्यू झाला. म्हणूनच जाणकार माणसे आधी ऐकतात, बटण दाबून क्षणभर थांबतात, मगच बोलतात, आणि महत्त्वाची सूचना मिळाली की ती पुन्हा उच्चारून दाखवतात. ही जीव वाचवणारी शिस्त पडद्यावर जवळजवळ दिसतच नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

पल्ल्याचेही तसेच. हातातल्या ५ वॅटच्या संचाच्या व्हीएचएफ किंवा यूएचएफ (अतिउच्च वारंवारितेच्या) लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात, त्यामुळे मध्ये डोंगर किंवा खोल बोगदा आला की संदेश पकडून पुढे पाठवणाऱ्या रिपीटर यंत्राच्या मदतीशिवाय संपर्क बहुधा तुटतो.