साल्मनसाठी ऋतूप्रमाणे रॉड बदलावा का?

तुम्ही विचारलंय की स्कॉटलंडच्या टे नदीवर फेब्रुवारीत आणि पुन्हा जूनमध्ये जाणार आहात, तर दोन वेगळे रॉड (गळाच्या काठ्या) घ्यावेत का. अजिबात नको. 15 फुटी, दोन हातांनी धरायचा एकच रॉड घ्या आणि उरलेले पैसे लाइनवर (गळाच्या दोरीवर) घाला. याच मुद्द्यावरून माझं आणि माझ्या मेव्हण्याचं सात वर्षांपासून वाजतंय.

माझा रॉड स्वस्तातला म्हणून मला मासा लागत नाही, असं त्याचं म्हणणं. एका मार्चमध्ये टेवरच्या डंकेल्डजवळ आम्ही तीन दिवस पाण्यात उभे होतो. ऊन छान होतं म्हणून दोघांनीही तरंगती लाइन आणि बारीक फ्लाय (पिसं-केस बांधलेला नकली आमिषाचा गळ) लावली. काही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी थर्मामीटर पाण्यात धरला तर 5 अंश! वर ऊन असलं तरी पाण्यात अजून हिवाळाच होता. अशा गारठ्यात साल्मन तळाशी पडून राहतो. नदीत शिरल्यावर तो खातही नाही, त्यामुळे भुकेपोटी वर येईल ही आशा सोडा. फ्लाय त्याच्या नाकासमोरून सावकाश गेली पाहिजे.

रॉड तोच ठेवला. बुडती लाइन, आखूड लीडर (लाइन आणि फ्लाय जोडणारा बारीक दोरा) आणि दोन इंची विली गन ट्यूब, म्हणजे नळीवर बांधलेली फ्लाय, लावली. ट्यूब दगडांना घासतेय हे बोटाला कळत होतं. मग घासणं थांबलं आणि लाइन जड झाली. झटका नाही, नुसतं ओझं. लगेच रॉड उचलायचा मोह आवरला, रील करकरायला लागलं तेव्हाच उचलला. चंदेरी मादी होती. शेपटीजवळ समुद्रातल्या उवा अजून चिकटलेल्या, म्हणजे नुकतीच खाऱ्या पाण्यातून आलेली. 1 एप्रिलच्या आधीचा मासा सोडावाच लागतो. प्रवाहाकडे तोंड करून धरली, तिने शेपटी हाणली आणि गेली.

मेव्हणा म्हणाला, "नशीब."

जूनचं सोपं आहे. पाणी 9-10 अंशांवर गेलं की तरंगती लाइन आणि 10 किंवा 12 नंबरची, म्हणजे बारीक, स्टोट्स टेल फ्लाय. स्कॉटलंडच्याच डी नदीवर केर्नटनला आर्थर वुड हे जुने मासेमार रेशमी लाइनला ग्रीस लावून ती तरंगती ठेवायचे. उन्हाळ्यातली मासेमारी बदलली ती त्या लाइनमुळे. शरदात चढलेल्या, गढूळ पाण्याला इंटरमीजिएट (सावकाश बुडणारी) लाइन आणि नारिंगी अ‍ॅलीज श्रिम्प फ्लाय.

हो, हे सगळं मोठ्या नद्यांचं. पश्चिमेकडच्या अरुंद, पावसावर चालणाऱ्या नद्यांवर 15 फुटी रॉड अडचणच करतो. आणि पाणी 20 अंशांपर्यंत तापलं तर कुठल्याच सामानाने मासे धरू नका, सोडलेला मासाही जगेलच असं नाही.

त्या दिवशी मेव्हण्याच्या हातात माझ्या दुप्पट किमतीचा रॉड होता आणि लाइन तरंगती. संध्याकाळपर्यंत त्याला एकही मासा लागला नाही. याला नशीब म्हणणं मला आजही मान्य नाही.