वाचकांचे प्रश्न : चलनाची एपीके, अडकलेलं खातं आणि पहिला तास

प्रश्न : वडील गावी असतात. ओळखीच्याच माणसाच्या व्हॉट्सॲपवरून त्यांना ‘तुमच्या गाडीचं चलन’ अशी फाइल आली. ती उघडल्यावर एक रुपया भरायला सांगितलं. तो भरला गेला नाही म्हणून त्यांनी सोडून दिलं. रात्री खात्यातून तीन वेळा पैसे गेले. ओटीपी त्यांनी कुणालाच सांगितला नव्हता. हे झालं कसं?
(एक वाचक, बार्शी)

ज्यांच्या घरी हे आत्ता घडतंय त्यांच्यासाठी कृती आधी सांगतो, कारण मागाहून. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय बंद झालं का तेही बघा. सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला, साधा बटणांचा असेल तर उत्तमच. आता येणारे ओटीपी चोरापर्यंत पोचणार नाहीत. त्या दुसऱ्या फोनवरूनच 1930 लावा. केंद्रीय गृहखात्याच्या यंत्रणेचा हा क्रमांक आहे आणि पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी तो लावायचा. पलीकडून बँकेचं नाव, खात्याचा किंवा कार्डाचा क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक विचारतात. यूपीआयचा संदर्भ क्रमांक 12 आकडी असतो. बँकेच्या एसएमएसमध्ये किंवा खात्याच्या उताऱ्यात तो सापडतो. तीन वेळा पैसे गेले असतील तर तिन्ही क्रमांक द्या, एकावर भागवू नका. लगेच बँकेला फोन करून कार्ड, नेटबँकिंग आणि यूपीआय बंद करायला सांगा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. 1930 वरून मिळालेल्या पोचक्रमांकाने सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर 24 तासांच्या आत तक्रार पूर्ण भरा.

एवढी घाई का? चोरलेला पैसा एका खात्यात मुक्काम करत नाही. दुसऱ्या कुणाकडून भाड्याने घेतलेल्या पहिल्या खात्यातून तो तुकड्या-तुकड्यांनी अनेक खात्यांत फुटतो, तिथून आणखी पुढे सरकतो आणि शेवटी एटीएममधून रोख निघतो किंवा क्रिप्टोत जातो. 1930 वरची तक्रार थेट त्या-त्या बँकेकडे पोचते. रक्कम तिथे असेल तर रोखली जाते, पुढे गेली असेल तर पुढच्या बँकेला कळवलं जातं. रोख निघाली की मग अडवायला काही उरत नाही. म्हणून ‘सकाळी बँक उघडली की बघू’ हा विचार सगळ्यात महाग पडतो.

आता हे झालं कसं ते. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवायची फाइल. ती उघडताच फोन आधी अडवतो : ‘व्हॉट्सॲपवरून अनोळखी ॲप बसवायला परवानगी द्यायची का?’ तिथे होकार दिला की ॲप बसतं आणि एसएमएस वाचायची, एसएमएस पाठवायची, कॉल करायची परवानगी मागतं. चलन बघायला एसएमएस पाठवायची परवानगी कशाला हवी? हा प्रश्न त्याच पडद्यावर मनात यायला हवा. परवानग्या मिळाल्या की ॲपचं चिन्ह बऱ्याचदा दिसेनासं होतं, ॲप मात्र आत चालूच राहतं. येणारा प्रत्येक ओटीपी ते चोराकडे पाठवतं. ओटीपी सांगावा लागलाच नाही, तो याच वाटेने गेला.

एक रुपयाच्या पानाचं काम वेगळं. यूपीआय नव्या फोनवर सुरू करताना नोंदणीकृत सिमवरून एक एसएमएस जावा लागतो. एसएमएस पाठवायची परवानगी असलेलं ॲप तो परस्पर पाठवू शकतं. नवा यूपीआय पिन बनवायला डेबिट कार्डाचे शेवटचे 6 आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी लागतो. वडिलांनी त्या पानावर कार्डाची माहिती भरली असणार. रुपया ‘गेला नाही’, पण माहिती गेली.

फोन लगेच फॅक्टरी रीसेट करू नका. तो संदेश, पाठवणाऱ्याचा क्रमांक, डाउनलोडमधली फाइल आणि ॲपच्या यादीतलं नाव यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढा. तपासाला तेच लागतं. मग सेटिंग्जमध्ये ॲपची पूर्ण यादी उघडून ते काढा. ‘अनइन्स्टॉल’ दाबता येत नसेल तर त्या ॲपला डिव्हाइस ॲडमिनचा अधिकार मिळालेला असतो; सुरक्षेच्या सेटिंगमध्ये तो आधी काढावा लागतो. पुरावा जपून झाला की रीसेट कराच. फोटो आणि संपर्क परत घ्या, ॲप मात्र बॅकअपमधून नको, प्ले स्टोअरवरून नव्याने. सिम परत घातल्यावर ##002# डायल करा म्हणजे कुणी कॉल दुसरीकडे वळवले असतील तर ते बंद होतील. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून अनोळखी यंत्रं काढा, नाहीतर तीच फाइल आता वडिलांच्या नावाने नातेवाइकांना जाईल. वडिलांनाही ती अशाच एका बळी पडलेल्या फोनवरून आली होती.

खरं चलन एपीके बनून येत नाही. संशय आला तर ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाइप करून ई-चलन डॉट परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन इथे गाडीचा क्रमांक घालून बघा. या पत्त्यात ई आणि चलन यांच्यामध्ये आडवी रेघ येत नाही. ‘आज रात्री वीज तोडणार’, ‘लाडकी बहीण ई-केवायसी’, लग्नपत्रिका हे सगळे त्याच फाइलचे वेगवेगळे मुखवटे आहेत.

प्रश्न : बँक म्हणते, ‘माहिती तुम्हीच भरलीत, आमची जबाबदारी नाही.’ हे बरोबर आहे का?
(निवृत्त शिक्षिका, सातारा)

अर्धंच. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने नियम घालून दिले. सहकारी बँकांसाठीचे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आले. चूक ना तुमची ना बँकेची, तिसरीकडेच घोटाळा झाला, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामाच्या 3 दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. 4 ते 7 दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर तुमचा वाटा जास्तीत जास्त 10,000 रुपये. त्यानंतर बँकेच्या संचालक मंडळाचं धोरण लागू होतं.

ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. सव्वादहाला तक्रार केली आणि पावणेअकराला पुन्हा 40,000 गेले, तर त्या 40,000 ची भरपाई मागायचा तुमचा हक्क आहे. म्हणूनच तक्रारीची वेळ कागदावर हवी. फोन केला असला तरी ईमेलही करा. शिवाय ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचा भार त्या परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे. ‘तुम्हीच केलंत’ असं काउंटरवर म्हणणं पुरेसं नाही, ते लेखी मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर विनाशुल्क करता येते. पतसंस्थेतल्या खात्याला मात्र हा लोकपाल लागू नाही. ती सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, आणि मोठी रक्कम कुठे ठेवायची हे ठरवताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

प्रश्न : माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. एका गिऱ्हाइकाने 6,000 रुपये स्कॅन करून दिले. आठवड्याने माझं पूर्ण खातं बंद. गुन्हा दुसऱ्या राज्यातला. आता?
(दुकानदार, छत्रपती संभाजीनगर)

चोरीचा पैसा फिरत-फिरत तुमच्यापर्यंत आला आणि साखळीत तुमचंही खातं धरलं गेलं. बँकेला लेखी विचारा : तक्रारीचा पोचक्रमांक काय, कोणतं पोलीस ठाणं, कोणता व्यवहार, किती रक्कम वादात आहे. त्याच पत्रात मागणी करा की फक्त वादातली रक्कम रोखून बाकीचं खातं मोकळं करावं. मग त्या ठाण्याच्या तपास अधिकाऱ्याला ईमेल करा आणि दुरुस्तीचं बिल, बसवलेल्या सुट्या भागाची खरेदी पावती, गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं आणि त्या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रण जोडा. चित्रण आजच वेगळं काढून ठेवा, बहुतेक यंत्रं काही दिवसांनी जुन्यावरच नवं लिहितात. उत्तर येत नसेल तर वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करता येतो. ‘दोन दिवसांत खातं उघडून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला एक पैसा देऊ नका.

‘मी 10,000 स्कॅन करतो, तुम्ही रोख द्या, वर 200 ठेवा’ असं सांगणारं गिऱ्हाईक परतवून लावा. चोरीचा पैसा रोखीत बदलायची ही नेहमीची युक्ती आहे, आणि दाखवायला तुमच्याकडे बिलही नसतं.

प्रश्न : मी दुबईत, आई नाशिकला एकटी. ‘डिजिटल अरेस्ट’पासून तिला कसं वाचवू?

आईला एकच गोष्ट पक्की सांगा : व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही, कायद्यात तसं काही नाहीच. चौकशीला हजर राहायची पोलिसांची नोटीससुद्धा व्हॉट्सॲपवर देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे. पण गणवेश, शिक्क्याचं पत्र, ‘तुमच्या आधारवर पार्सल सापडलं’ हा दरारा आणि तासन्‌तास चालू ठेवलेला कॅमेरा यांच्यापुढे हे ज्ञान टिकेलच असं नाही. भीतीने माणूस हुशारी विसरतो, त्यात आईचा दोष नाही. म्हणून आडकाठी पैशांच्या वाटेत घाला. नेटबँकिंगची रोजची मर्यादा 10,000 वर आणा. मोठ्या मुदत ठेवी दोघांच्या सहीशिवाय मोडणार नाहीत अशा करा. शाखेत जाऊन व्यवस्थापकाला सांगून ठेवा, कारण या फसवणुकीत बाई बऱ्याचदा स्वतः बँकेत येऊन ठेव मोडते आणि आरटीजीएस करते. तिला थांबवता येईल अशी ती शेवटची जागा. ‘कुणाला सांगू नका’ असं कुणी म्हणालं की फोन ठेवून शेजारच्या काकूंकडे जायचं, हे तिच्याशी आणि काकूंशीही ठरवा. 1930 परदेशातून लागेलच असं नाही, तेव्हा नाशिकमधल्या एका नातेवाइकाला तो लावायला सांगून ठेवा.

प्रश्न : अंगठ्याच्या ठशावर पैसे काढले जातात म्हणे. ओटीपीही येत नाही?
(शेतकरी, यवतमाळ)

हो. आधारवर चालणाऱ्या व्यवहाराला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा एवढंच लागतं. खरेदीखतावरचे ठसे उचलून असे पैसे काढल्याचे गुन्हे नोंदले गेले आहेत. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक (ठशाची ओळख) लॉक करता येतं आणि लागेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं. रेशनवर अंगठा लावायला जायच्या आधी ते उघडायला विसरू नका, नाहीतर यंत्र ठसा नाकारेल. ॲप जमत नसेल तर या खात्यावरून आधारने पैसे काढायची सोय बंद करा, असा अर्ज शाखेत द्या.