'अनलाइकली' म्हणजे अशक्य नव्हे

प्रश्न : लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कोडात चूक तपासताना 'इफ'च्या अटीला 'अनलाइकली' गुंडाळलेले दिसते. मराठीत त्याला 'अशक्य' म्हणावे की 'असंभाव्य'?

'अशक्य' मुळीच नको. हे ऐकून ऐकून कान किटले आहेत, आणि 'अशक्यच आहे ना' म्हणत लोक तपासणीच गाळतात. मेमरी मागणाऱ्या के-मॅलॉक फंक्शनला ती मिळाली नाही तर हाती नल, म्हणजे रिकामा पत्ता, येतो. इंटरप्टमध्ये (हार्डवेअरने चालू काम मध्येच अडवले असताना) 'न थांबता द्या' सांगणाऱ्या जीएफपी-अ‍ॅटॉमिकने मागितली असेल तर थांबून वाट पाहण्याचीही सोय नसते. तिथे ई-नोमेम हा 'मेमरी नाही'चा चूक-क्रमांक, म्हणजे उणे १२, परत करावेच लागते.

खरी मौज पुढेच आहे. अनलाइकली हा मॅक्रो, म्हणजे कोडाच्या तुकड्याला दिलेले छोटे नाव. तो उभा आहे कंपायलरच्या (कोडाचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) 'बिल्टइन एक्स्पेक्ट'वर, म्हणजे 'अमुक किंमत अपेक्षित धर' या सांगण्यावर. लॅटिनमध्ये 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'स्पेक्तारे' म्हणजे पाहणे. आपली अपेक्षा म्हणजे अप + ईक्ष्, आणि ईक्ष् म्हणजेही पाहणेच! अपमान-अपकीर्तीवरून 'अप म्हणजे वाईट' असे ठोकून देणाऱ्यांनी अपहरण आणि अपसरण यांचे काय करायचे तेही सांगावे. इथे अप म्हणजे दूर. अपेक्षा म्हणजे लांबवर लावलेली नजर. 'इच्छा, आशा' हा अर्थ मागाहून चिकटला. कंपायलरला कसली आलीय आशा!

आणि आपला 'पेक्षा'? तोही हीच अपेक्षा, नुसता 'अ' झडलेला. हिंदीच्या 'की अपेक्षा'त ती अजून सबंध आहे. एकावर नजर ठेवून दुसऱ्याला जोखायचे, ते 'पेक्षा'. अनलाइकलीही एवढेच सांगतो : ही वाट त्या वाटेपेक्षा कमी वापरातली. जीसीसी हा कंपायलर अशा अपेक्षेला एरवी ९० टक्के वजन देतो, १०० नव्हे.

अनलाइकली म्हणजे 'प्रोसेसरला दिलेली सूचना' असे काही जण सांगतात, तेही चूक. तशी सूचना देणारे उपसर्ग-बाइट (आज्ञेच्या आधी जोडायचे बाइट) पेंटियम ४ मध्ये होते. त्यानंतरच्या प्रोसेसरांनी कित्येक वर्षे त्यांकडे ढुंकून पाहिले नाही. कर्नलचा मॅक्रो कंपायलरशी बोलतो. कंपायलर नेहमीची वाट उडीशिवाय सरळ ठेवतो आणि चूक हाताळणारा कोड फंक्शनच्या शेपटाकडे ढकलतो, म्हणजे इन्स्ट्रक्शन कॅशेत (प्रोसेसरजवळच्या, आज्ञा साठवणाऱ्या छोट्या मेमरीत) अडगळ होत नाही.

मॅक्रोत अटीच्या आधी असलेली दोन उद्गारचिन्हे (!!) काढू नका. त्यांच्यामुळे कोणतीही किंमत ० किंवा १ होते. ती नसतील तर 'लाइकली'त (अनलाइकलीच्या उलट मॅक्रोत) दिलेला पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, जसाच्या तसा 'बिल्टइन एक्स्पेक्ट'कडे जातो, आणि त्याला तर पूर्णांक हवा असतो.

'इज-एर'वर पुन्हा अनलाइकली चढवणे म्हणजे निव्वळ द्विरुक्ती. पॉइंटरमध्ये उणे १ ते उणे ४०९५ यांपैकी चूक-क्रमांक लपला आहे का, हे पाहणाऱ्या त्या तपासणीच्या पोटात अनलाइकली आधीच आहे. अट खरी ठरली तर इशारा छापणाऱ्या 'वॉर्न-ऑन'चेही तेच.

अंदाज बरोबर की चूक, यावर वाद घालत बसू नका. 'प्रोफाइल अ‍ॅनोटेटेड ब्रँचेस' हा पर्याय लावून कर्नल बांधा. 'ब्रँच-अ‍ॅनोटेटेड' फाइलीत प्रत्येक ठिकाणचे बरोबर-चूक आकडे मिळतात. त्या चाचणी-कर्नलने रोजचे काम चालवू नका, मोजणीचा भार जाणवतो.

'असंभाव्य'चे राहिलेच. अर्थाने चालेल, पण बोलताना कोण म्हणणार? 'क्वचित' म्हणा.