कंटेन्शन म्हणजे टक्कर नव्हे, ताणाताणी

दारव्ह्याकडच्या एका इंजिनिअरिंगच्या पोट्ट्यानं विचारलं, प्रोजेक्ट मराठीत लिहून राह्यलो, ऑप्टिकल पॅकेट स्विचिंगमधल्या (माहितीचे तुकडे, म्हणजे पॅकेटं, प्रकाशाच्याच रूपात ज्याच्या त्याच्या वाटेला लावणं) 'कंटेन्शन रिझोल्यूशन'ला 'टक्कर निवारण' म्हटलं तर चालते का? नाही चालत भाऊ. ही टक्कर जिकडेतिकडे वाचून वाचून डोकं फिरलंय माझं.

टक्कर म्हणजे कोलिजन. जुन्या इथरनेटमध्ये (कॉम्प्युटर तारेनं जोडायची पद्धत) एकाच तारेवर दोन सिग्नल एकमेकांत घुसायचे, मग कळायचं की घोळ झाला, ती टक्कर. कंटेन्शन त्याच्या आधीचं. एकाच तरंगलांबीवरच्या, म्हणजे प्रकाशाच्या एकाच रंगावरच्या, दोन पॅकेटांना त्याच घडीला तेच आउटपुट पोर्ट, म्हणजे बाहेर जायचं दार, पाहिजे. दोन वावरांतून कापसाच्या बंड्या एकाच वेळी पांदणीच्या तोंडाशी आल्या, धक्का कोणाचाच कोणाला लागला नाही, पण आधी कोण जाणार यावर दोघंही अडून बसले, तसं.

आता खरी मजा. लॅटिनमध्ये 'तेंदेरे' म्हणजे ताणणं, त्याला 'कोन' लागलं की जोर लावून ताणणं, झगडणं, त्यातून कंटेन्शन. अन् हा तेंदेरे आपल्या संस्कृत 'तन्'चा सख्खा नातेवाईक, ज्यातून ताण, तान, तंत्र आणि तंतू आले! म्हणजे ज्या प्रकाशीय तंतूतून पॅकेट येते तो तंतू आणि त्याच्या टोकाला होणारं कंटेन्शन एकाच धातूची लेकरं आहेत. धुऱ्यावरून भांडण झालं की आपण म्हणतोच ना, 'त्यानं लई ताणून धरलं'. मग 'ताणाताणी' हा शब्द घरात असताना 'संघर्ष निराकरण' असले दगड कोण उचलते? परिभाषावाल्यांनी एकदा वावरात येऊन कान द्यावा. काही जण 'तंटा'ही तन्‌मधूनच काढतात, ते मला साफ नामंजूर, कन्नडात 'तंटे' म्हणजे कटकट, भांडण, तिकडूनच तो आला असं माझं ठाम मत आहे, 'तं' दिसला की तन् असं नसते.

रिझोल्यूशनच्या पोटातही लॅटिनचं 'सोल्व्हेरे' आहे, म्हणजे सैल करणं, सोडणं. म्हणून 'ताणाताणी सोडवणं' लिही. सोडवायच्या वाटा मुख्य तीन: एका पॅकेटची तरंगलांबी बदलायची, नाहीतर त्याला दुसऱ्याच पोर्टनं फेरा मारून धाडायचं, नाहीतर थांबवायचं. पण प्रकाशाला थांबवून ठेवणारी, कामात येईल अशी मेमरी नाही, म्हणून त्याला जास्तीच्या फायबरच्या वेटोळ्यातून फिरवतात, काचेत प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किमी जातो, म्हणजे 1 मायक्रोसेकंद उशीर पाहिजे तर 200 मीटर फायबर गुंडाळा, आणि सेकंदाला 10 गिगाबिटच्या लाइनवर 1500 बाइटचं पॅकेटच 1.2 मायक्रोसेकंदांचं असते, त्या एकट्याला वाट द्यायला 240 मीटर लागले. अन् वेटोळ्यात एकदा शिरलं की पॅकेट ठरल्या वेळेलाच बाहेर येणार, मधूनच काढता येत नाही. त्या वेटोळ्याला 'बफर' (पॅकेटला वाट मोकळी होईपर्यंत अडकवायची जागा) लिहिलं तरी माझी हरकत नाही, फक्त 'साठवण' लिहू नको, तिथं काहीच साठत नाही, पॅकेट पूर्ण वेळ धावतच असते.