शॉकअपसाठी मुदत ठेव मोडू नका, पण काम लांबवूही नका

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एका वाचकाचा हा प्रश्न. गाडी नऊ वर्षांची, 92,000 किलोमीटर झालेली. दर शनिवारी आईवडिलांकडे कळवणला जाणं असतं. मागून धाडधाड आवाज येतो. गॅरेजवाल्याने मागचे दोन्ही शॉकअप (धक्के शोषणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर), त्यांचे माउंट आणि अ‍ॅक्सलचे बुश (रबरी तुकडे), मजुरीसकट 14,500 रुपये सांगितलेत. बचत खात्यात 40,000 आहेत, शिवाय मुलीच्या फीसाठी 1 लाखाची मुदत ठेव. ठेव मोडू, कार्डावर हप्ते करू, की गाडीच बदलू?

गाडी बदलू नका. नव्या गाडीचा 11,000चा हप्ता तुम्हीच कळवलाय; पाच वर्षांचे 6,60,000 झाले. इंजिन ठणठणीत असताना 14,500च्या कामापायी एवढं ओझं कशाला? ही गाडी आणखी तीन वर्षं वापरली, तरी हा खर्च महिन्याला 400 रुपयांच्या आसपास पडतो.

आधी स्वतः एकदा बघून घ्या. डिकीवर जोर देऊन सोडा. गाडी वर येऊन थांबायला हवी, डुलत राहिली तर शॉकअप गेले. मागच्या टायरवरून तळहात फिरवा. उंचसखल लागलं, तर टायर खायला सुरुवात झालीय, म्हणजे थांबलात तर टायरचाही खर्च वाढणार. आणि पैशांपेक्षा मोठी गोष्ट: चाक रस्ता सोडून उडायला लागलं की ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. सातमाळा डोंगररांग ओलांडून कळवणला जाणाऱ्याने हे अंगावर घेऊ नये. शॉकअप जोडीनेच बदला, एकच बदलून पैसे वाचवू नका. स्प्रिंग मात्र तुटलेली किंवा बसलेली नसेल तर राहू द्या. जुने पार्ट मागून घ्या. शॉकअपमधून तेल गळलं असेल, तर त्यावर तेलाने चिकटलेली धूळ दिसेल. विम्यावर विसंबू नका, त्यात झीज धरत नाहीत.

पैसे बचत खात्यातूनच द्या. कार्डाच्या हप्त्यांत व्याज, त्यावर जीएसटी आणि बहुधा प्रोसेसिंग फीही लागते. फीच्या ठेवीला हात लावू नका. खात्यात 25,500 उरतील. पुढचे सहा महिने 2,500 टाकलेत की भोक बुजतं. त्यानंतरही ती रक्कम थांबवू नका, गाडीचा वेगळा गल्ला म्हणून आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) सुरू करा. नऊ वर्षांच्या गाडीला पुढेही काही ना काही लागणारच.

काम होईपर्यंत कळवणहून येताना डिकीत कांद्याची गोणी टाकू नका. वडिलांना सांगा, पुढच्या खेपेला नेतो.