जुने बॅकअप उडवायला फाइंड कमांड पुरते का?

तुमचा प्रश्न असा की रोज रात्री डेटाबेसचा डंप (सगळा डेटा उतरवलेली फाइल) झिप होऊन एका फोल्डरमध्ये पडतो, डिस्क भरते म्हणून ७ दिवसांच्या वरच्या फायली फाइंडने (फायली शोधणारी लिनक्सची कमांड) उडवता, तर हे बरोबर आहे का आणि यासाठी एखादं सोपं टूल आहे का.

चालतं हो, पण कधीतरी अंगाशी येतं. मी पण बरीच वर्षं हेच करायचो. एका छोट्या ऑफिसचा सर्व्हर बघायचो, तिथे कोणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि मला सांगितलंच नाही. रात्री २ ला क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) लागायचा, लॉगिन फेल व्हायचं, पण डंप पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देणं) जीझिप या झिप करणाऱ्या कमांडकडे जातो ना, जीझिपला काय, काहीच आलं नाही तर तेही झिप करून मोकळा, आणि शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) पाइपमधल्या शेवटच्या कमांडचाच निकाल धरतं त्यामुळे सगळं ओके. नंतर फोल्डर उघडून बघतो तर रोजची फाइल जागेवर, नावात तारीख बरोबर, फक्त साइज प्रत्येकीची २० बाइट. रिकामं जीझिप तेवढंच भरतं. खऱ्या फायली फाइंडने कधीच झाडून टाकलेल्या. मग दोन दिवस बसून छापील बिलांवरून एंट्र्या मारल्या, अजून आठवलं की मान दुखते.

म्हणून आधी स्क्रिप्टच्या वर पाइपफेल सेट करा (मग पाइपमधली कुठलीही कमांड फेल झाली तरी सगळंच फेल धरलं जातं) आणि फाइल अमुक केबीपेक्षा लहान आली तर स्वतःला मेल जाईल असं करा. टूल त्याच्या नंतर.

फाइंडची गोम अशी की ते आजपासून मागे मोजतं, नवीन बॅकअप येतोय की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मी आता रोटेट-बॅकअप्स वापरतो, पायथॉनचं छोटं टूल आहे, पिपने (पायथॉनची टूल्स बसवणारी कमांड) येतं. ते सगळ्यात ताज्या बॅकअपपासून मागे मोजतं, म्हणजे क्रॉन महिनाभर बंद पडला तरी जे आहे ते तसंच राहतं. मी रोजचे ७, आठवड्याचे ४, महिन्याचे १२ असं ठेवलंय. टेपच्या काळापासूनची आजोबा-बाप-मुलगा पद्धत म्हणतात ती हीच. एकच फाइल दोन-तीन हिशोबांत बसते त्यामुळे प्रत्यक्षात २३ पण होत नाहीत. आणि २० बाइटचा प्रकार परत झाला तरी (टूल फाइलच्या आत बघत नाही, रिकामी फाइलही त्याला बॅकअपच वाटते) मागच्या महिन्याची एखादी खरी फाइल तरी हाताशी असते.

आता जिथे लोक फसतात ते. तारीख फाइलच्या नावातून वाचली जाते आणि वर्ष आधी लागतं, २०२४-०३-१५ असं. आपल्या सवयीने १५-०३-२०२४ लिहिलंत तर ती फाइल त्याच्या हिशोबातच नाही, पडून राहील आणि डिस्क भरेल. डेट कमांड थेट क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांची यादी) लिहिणार असाल तर टक्क्याच्या चिन्हाआधी बॅकस्लॅश द्या, नाहीतर क्रॉन तिथेच ओळ तोडतं, माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेलीय. आणि दोन डेटाबेसचे बॅकअप एकाच फोल्डरमध्ये अजिबात ठेवू नका, ते सगळ्या फायली एकाच गोष्टीच्या समजतं, दिवसाला एक ठेवून दुसरी उडवेल. प्रत्येकाला वेगळा फोल्डर.

पहिल्यांदा चालवताना ड्राय-रन लावाच, काय ठेवणार काय उडवणार ते नुसतं दाखवतं. तो ऑप्शन नाही दिला तर ते न विचारता डिलीट करतं.

बाकी हे सगळं त्याच डिस्कवर असेल तर डिस्क गेल्यावर आजोबा, बाप, मुलगा तिघेही एकदम जाणार, तेव्हा आरसिंकने दुसऱ्या मशीनवर कॉपी टाका. अडलात तर क्रॉनची ओळ इथे टाका, बघून सांगतो, फक्त पासवर्ड काढून टाका त्यातला.